मामाचं डोकं, पुण्यातली हेल्मेटसक्ती आणि "इथेच तर जायचंय"

आधीच सांगून टाकतो, या लिखाणातला मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, चौकात झाडामागे उभा राहून पावत्या फाडणारा मामा नव्हे. पुण्याबाहेरच्यांना वाटेल हा खुलासा कशाला, पण पुण्यात ट्रॅफिक पोलिसाला मामाच म्हणतात आणि या प्रकरणात दोन्ही मामा आहेत, त्यामुळे उगाच गोंधळ नको.

प्रश्न जुनाच आहे. गाडी माझी, डोकं माझं, आपटलो तर मीच आपटणार, मग सरकारने मध्ये पडायचं कारण काय? दारू पिऊन चालवली, सिग्नल तोडला, राँग साइडने घुसलो तर समोरच्याचा जीव जातो, तिथे कायदा हवा हे कुणीही मान्य करेल. २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्शेने बाइकवरच्या दोघांना उडवलं तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्याच्या गप्पा कुणी मारल्या नाहीत. पण हेल्मेट न घालणारा कुणाला उडवतो? कुणालाच नाही. म्हणून या प्रश्नाची खरी कसोटी हेल्मेटवर लागते, आणि हेल्मेटवर पुण्याइतकं चवीने कुणी भांडलेलं निदान माझ्या तरी बघण्यात नाही.

आता मामा. बँकेतून रिटायर, सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली ॲक्टिव्हा. रोजचा रूट ठरलेला, सकाळी मंडई, दुपारी कधी बँकेत जुन्या लोकांशी गप्पा, संध्याकाळी सारसबागेपर्यंत आणि परत. सगळं मिळून तीन-चार किलोमीटर. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, आधी बजाज, मग ही, आणि एकदाही पडलेला नाही हे तो न विचारता सांगायचा. स्पीड किती तर वीस, फार झालं तर पंचवीस, लक्ष्मी रोडला तेवढाही मिळत नाही.

१ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हाचे पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी तसं आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळे डिसेंबरभर पेपरात तेच, रस्त्याच्या कडेला हेल्मेटचे ढीग लागले, आणि एक तारखेला सकाळपासून चौकाचौकात पोलीस. दंड ५०० रुपये. गंमत अशी की कायदा नवीन नव्हताच. मोटार वाहन कायदा १९८८चा आणि त्यातलं कलम १२९ हेच सांगतं की दुचाकीवर बसणाऱ्याने हेल्मेट घालायचं. म्हणजे तीस वर्षं कायदा होता आणि पुणेकर त्याच्याकडे बघतही नव्हते. मध्येच कधीतरी कुणा अधिकाऱ्याच्या मनात यायचं, थोडे दिवस धरपकड, मग ओरड, मग सगळं थंड. २०१६ला परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली होती, पंपवाल्यांनी विरोध केला, तेही बारगळलं.

पण २०१९ला पोलीस मागे हटेनात, म्हणून पुणेकर रस्त्यावर आले. हेल्मेटसक्ती विरोधी कृती समिती, मोर्चा, हेल्मेटचे अंत्यसंस्कार वगैरे सगळं साग्रसंगीत. मामा पण गेला होता. संध्याकाळी घरी आला तो पत्रकांचा गठ्ठा घेऊन, आणि बँकेतली सवय, लगेच एक बॉक्स फाईल काढली, तिच्यावर स्केचपेनने लिहिलं 'हेल्मेटसक्ती २०१९'. त्यात पत्रकं, पेपरातली कात्रणं, स्वतः संपादकांना पाठवलेल्या तीन पत्रांच्या झेरॉक्स. एक छापून आलं होतं.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, आपण मराठीत हेल्मेटसक्ती म्हणतो, पण सीटबेल्टसक्ती हा शब्द कधी ऐकलाय? लायसनसक्ती? सिग्नलसक्ती? नाही ना. सगळे कायदे सक्तीचेच असतात, पण तो शब्द चिकटला फक्त हेल्मेटला. आणि एकदा सक्ती म्हटलं की पुढचं भांडण डोक्याचं राहतच नाही, तू कोण मला सांगणारा याचं होतं. मामाचा राग हेल्मेटवर कधीच नव्हता खरं तर, त्याचा राग वीस वर्षांच्या कॉन्स्टेबलने "ओ काका, साइडला घ्या" म्हणण्यावर होता. हे तो मान्य करणार नाही, पण मी त्याला ओळखतो.

त्याचे मुद्दे मात्र फालतू नव्हते, बाकीच्या लोकांसारखे केस गळतात, मान दुखते असलं काही तो बोलायचा नाही. त्याचं म्हणणं असं, की हायवेला सक्ती करा, मी स्वतः हात वर करून पाठिंबा देतो, पण पेठेत जिथे माणूस चालत गाडीच्या पुढे जातो तिथे कसलं हेल्मेट. दुसरं, आधी खड्डे बुजवा, बस नीट चालवा, मग माझ्या डोक्याकडे या. तिसरं, शीख माणसाने पगडी घातली असेल तर त्याला कलम १२९मध्येच सूट आहे, म्हणजे सरकारलाही मान्य आहे ना की माणसाला सुरक्षेपेक्षा दुसरं काहीतरी महत्त्वाचं वाटू शकतं, मग मीही पुणेरी पगडी घालतो, चालेल? आणि शेवटचा हुकमी एक्का, मी मेलो तर माझी पेन्शन वाचेल, सरकारचा फायदाच आहे.

जून २०१९मध्ये पुण्यातले आमदार मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटले आणि शहरात रस्त्यात अडवून कारवाई करू नका असं पोलिसांना सांगण्यात आलं. कॅमेऱ्यातून चलान येणं चालू राहिलं, पण चौकातले पोलीस कमी झाले. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती हे वेगळं सांगायला नको. मामाने त्या दिवशी चितळ्यांची आंबा बर्फी आणली. खरंच आणली, मी खाल्ली आहे.

मग काय झालं

२०२२चा फेब्रुवारी, संध्याकाळी सातच्या सुमाराला. कुमठेकर रस्त्यावरून आतल्या गल्लीत वळायचं म्हणून मामा थांबला होता. थांबला होता, हे महत्त्वाचं आहे. समोरून रिक्षा येत होती तिला जाऊ दे म्हणून त्याने डावा पाय खाली टेकवला, तिथे कुणीतरी कसली तरी लाइन टाकायला रस्ता खणून बुजवलेला आणि वरची खडी तशीच सुटी पडलेली. पाय सरकला, गाडी कलली, ॲक्टिव्हा शंभर किलोच्या वर असते, त्या वयात ती सावरता येत नाही, मामा गाडीसकट डावीकडे आडवा, आणि डोकं फुटपाथच्या कडेवर. रिक्षावाला उतरून आला, दोन पोरांनी गाडी उचलली, समोरच्या अमृततुल्यवाल्याने पाणी दिलं आणि मग चहा पाजला. रक्त नाही, काही नाही, कानाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ. मामा गाडी चालवत घरी आला, मामीला सांगितलं आरसा तुटला म्हणून. डोक्याचं बोललाच नाही.

मग तीन आठवडे सगळं ठीक. नंतर डोकं दुखायला लागलं, त्याने ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. डाव्या पायातली चप्पल जिन्यात निसटायची, ती सैल झाली म्हणून नवीन घेतली. मामीला शंका आली ती वेगळ्याच गोष्टीवरून. मामा रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतो, पेनने, पेन्सिलने नाही. चार दिवसांचे पेपर रद्दीत टाकताना तिने बघितलं तर चारही कोडी कोरी. पाचव्या दिवशीच्या कोड्यात सगळ्या चौकोनांत एकच अक्षर, 'क'. तिने मला फोन केला, "अरे जरा येतोस का, हे बरे वाटत नाहीत मला."

सिटीस्कॅनमध्ये निघालं ते असं. कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या जागेत हळूहळू रक्त साचत गेलेलं. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे त्याला कवटीच्या आतल्या आवरणाशी जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, जरा झटका बसला की एखादी चिरते आणि थेंब थेंब गळत राहते, त्यात मामा हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी घ्यायचा. तरुण माणूस पडला तर जे होतं ते बहुतेक वेळा लवकर कळतं, म्हाताऱ्याचं कळायला कधीकधी महिना जातो. कवटीला दोन भोकं पाडून ते रक्त काढलं, दहा दिवस दवाखाना, बिल पावणेदोन लाख, त्यातले थोडे मेडिक्लेमने दिले. मामा वाचला. डावा हात अजून थोडा स्लो आहे, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो.

हेल्मेट असतं तर? मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, शीर चिरली असती की नाही हे मी सांगू शकत नाही, पण फुटपाथची कड आणि डोकं यांच्यामध्ये काहीतरी असायला हवं होतं एवढं नक्की. मला हे उत्तर आवडलं, कारण हेल्मेट घातलं की माणूस मरत नाही असं जे पोस्टरवर लिहितात ते खरं नाही आणि लोकांना ते माहीत असतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८मध्ये निघाला होता, त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो असं निघालं. शंभर टक्के नाही. पण सत्तरच्या आसपास म्हणजे काय कमी आहे का.

वीसच्या स्पीडचं गणित

मामाचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता स्पीडचा, आणि खरं सांगायचं तर २०१९ला मलाही तो पटला होता. नंतर दवाखान्यात बसल्या बसल्या मी कागदावर गणित केलं, दहावीतलंच. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं. तिथून ते सरळ खाली पडलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास येतो. गाडी उभी असली तरी. म्हणजे गाडी किती जोरात होती याचा आणि डोकं किती जोरात आपटलं याचा संबंध लोक समजतात तेवढा सरळ नाही, पुढे जायचा वेग वेगळा आणि खाली पडायचा वेग वेगळा, आणि खाली पडायचा वेग पेठेत आणि हायवेला सारखाच. माणूस पडताना हात वगैरे टेकवतो, खांदा आधी लागतो, म्हणून प्रत्येक वेळी तेवढा मार बसत नाही, पण मामाचे दोन्ही हात हँडलवर होते.

हेल्मेटच्या आत जे थर्मोकोलसारखं असतं ना, मुख्य काम त्याचं आहे, वरचं रंगीत कवच मार पसरवतं आणि टोकदार काही आत घुसू देत नाही. आपटल्यावर ते दबतं, दबायला काही मिलीसेकंद घेतं, तेवढ्यानेच डोकं एकदम थांबायच्या ऐवजी जरा हळू थांबतं. आणि एकदा दबलं की ते हेल्मेट संपलं, बाहेरून चकचकीत दिसलं तरी. फूटपाथवर दीडशे-दोनशेला जी मिळायची त्यात तो थरच नसायचा, नुसता स्पंज आणि प्लास्टिकची टोपी. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायलाच बंदी आहे, तरी मिळतातच, आणि २०१९च्या त्या जानेवारीत पुण्यात जी हजारोंनी विकली गेली ती डोक्यासाठी नव्हती, पावतीसाठी होती. पट्टा तर कुणी लावतच नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतं.

कोर्टात काय म्हणतात

मामाचा जो मूळ मुद्दा, माझं स्वातंत्र्य, तो सुप्रीम कोर्टात १९८८मध्येच जाऊन आलाय. अजय कानू विरुद्ध भारत सरकार. आंध्र प्रदेशात हेल्मेटचा नियम केला होता, त्याला आव्हान दिलं होतं, की यामुळे माझ्या मुक्तपणे फिरण्याच्या हक्काला बाधा येते. कोर्टाने ते फेटाळलं, हेल्मेटमुळे फिरण्यात अडथळा येत नाही, उलट नियम जीव वाचवायला आहे, आणि लोकांच्या भल्यासाठी केलेल्या गोष्टीविरुद्ध मूलभूत हक्क उभा करता येत नाही, असा त्याचा सूर. मला हा निकाल बरोबर वाटतो पण कारण नाही पटत. लोकांचं भलं म्हणून काहीही करता आलं तर उद्या वडापाववर पण बंदी येईल. २०१७मध्ये त्याच कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, २०१८मध्ये बरं होण्याची आशा नसलेल्या पेशंटला उपचार नाकारता येतात म्हणून सांगितलं. म्हणजे शरीर ज्याचं त्याचं, या दिशेने कोर्ट बरंच पुढे गेलंय. मग हेल्मेट त्यात कुठे बसतं हे नव्याने सांगायला हवं असं मला वाटतं.

लोक नेहमी देतात ते दुसरं कारण खर्चाचं. तू पडलास की ॲम्ब्युलन्स, सरकारी बेड, आणि आता तर २०२५ पासून अपघातातल्या माणसाला सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार अशी केंद्राची योजना आहे, म्हणजे बिल सगळ्यांच्या खिशातून. हे कारण ऐकायला बरं वाटतं पण ते मामाने पेन्शनच्या एका वाक्यात उडवलं होतं आणि ते उडतंच. तंबाखू खाणाऱ्याचाही खर्च सगळ्यांच्या खिशातून जातो. आणि हेच कारण पकडून बसलात तर मग अमेरिकेत मिशिगनने २०१२ला केलं तसं करावं लागेल, एकवीस वर्षं पूर्ण असतील, वीस हजार डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स असेल आणि चालवायचा थोडा अनुभव असेल तर फिरा बिनहेल्मेटचे. म्हणजे पैसेवाल्याचं डोकं त्याचं, आणि गरिबाचं सरकारचं. हे मला अजिबात नको.

मग कारण काय? मला ते लिंगाण्यावर सापडलं, शब्दशः.

आमचा एक ग्रुप आहे, सुळके चढणारा. लिंगाणा म्हणजे रायगडासमोरचा तो सरळसोट उभा कातळ, दोर लावल्याशिवाय जमत नाही, आणि एक चूक झाली तर खाली काही नाही. ही रिस्क आहे की नाही? मामाच्या मंडईच्या फेरीपेक्षा कितीतरी पट जास्त. पण त्या रिस्ककडे आम्ही कसं जातो बघा. महिनाभर आधी ठरतं, दोर तपासले जातात, कोण पुढे जाणार ठरतं, घरी सांगून निघतो, वारा जास्त असेल तर परत फिरतो, आणि डोक्यावर हेल्मेट असतं कारण वरून दगड येतात. माणसाने शुद्धीत, समजून, तयारीने घेतलेली रिस्क. कायद्याने तिला बंदी घातली तर मी मामाच्या दुप्पट आवाजात मोर्चा काढीन. आणि मग बघा, उतरलो, मोहरी गावात पिठलं-भाकरी खाल्ली, हेल्मेट सॅकला लटकवलं आणि बाइकवर बसून वेल्ह्याच्या रस्त्याने पुण्याकडे निघालो, बाइकचं हेल्मेट कोपरात अडकवून. चौघंही. त्यातल्या एकाने तरी विचार केला का की मी आता ही रिस्क घेतोय? नाही. कुणीच नाही केला. मीही नाही.

हेच मला सांगायचंय. "माझं डोकं, माझा निर्णय" या वाक्यातला निर्णय कुठाय? मामाने चाळीस वर्षांत एकदाही ठरवलं नव्हतं की आज मी डोकं आपटायची रिस्क घेतो. तो म्हणायचा "इथेच तर जायचंय." सगळे तेच म्हणतात, दूध आणायला, क्लासला सोडायला, कोपऱ्यावरच्या एटीएमला, इथेच तर जायचंय. त्या वाक्यात धोक्याचा विचारच नाहीये, तो विचार करायची वेळ आलीच नाही म्हणून ते वाक्य आहे. रिस्क घेतली असं आपण नंतर म्हणतो, दवाखान्याच्या बाकावर बसून. म्हणजे हेल्मेटचा कायदा माणसाने केलेला निर्णय मोडत नाही, जिथे निर्णय झालाच नाही तिथे एक उभा करतो. आणि त्यासाठी मागतो काय तर दीड किलोच्या आतलं ओझं आणि थोडा घाम. शिखांच्या पगडीची सूट मला म्हणूनच खटकत नाही, पगडी विसरून घातलेली नसते, ती रोज सकाळी आरशासमोर उभं राहून बांधलेली असते. मामाची पुणेरी पगडी मात्र लग्नामुंजीला कपाटातून निघते.

कुणी म्हणेल मग समजा एखाद्याने खरंच ठरवलं, सगळे आकडे वाचले, विल केलं, आणि तरी म्हणाला नाही घालणार, तर? तर त्याच्याविरुद्ध माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. त्याने दंड भरावा आणि पुढे जावं, पाचशे-हजार रुपयांत तत्त्व मिळतंय. २०१९च्या केंद्रीय दुरुस्तीने हजार रुपये दंड आणि वर तीन महिने लायसन रद्द अशी शिक्षा आणली, ती मला जास्त वाटते. ज्याचं पोट डिलिव्हरीवर किंवा गाडीवर चालतं त्याचं लायसन घेऊन तुम्ही त्याचं डोकं वाचवत नाही, त्याला घरी बसवता. दारू पिऊन चालवणारा आणि हेल्मेट विसरणारा एकाच पिशवीत नको.

आणि मागे बसलेली?

एवढ्या सगळ्या भांडणात एक माणूस कुणालाच दिसलं नाही, मलाही नाही, मामी. तीस-पस्तीस वर्षं ती मागे बसली, साडी नेसून एका बाजूला पाय टाकून, एका हातात पिशवी आणि एक हात सीटखालच्या दांडीला. पडली असती तर सावरायला तिच्याकडे हँडल पण नव्हतं, ब्रेक पण नव्हता. माझं डोकं म्हणणाऱ्या मोर्च्यात मागच्या डोक्याबद्दल काय ठरलं होतं? केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाचे २०२२चे आकडे आहेत, हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक त्या वर्षी मेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. हेल्मेट असतं तर सगळे वाचले असते असं नाही, पण मागे बसलेल्यांपैकी किती जणांनी ती रिस्क स्वतः घेतली होती? कायदा मागच्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या पोरालाही लागू आहे, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरासाठी २०२२च्या नियमात हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि चाळीसचा स्पीड असं सगळं लिहिलंय. सकाळी शाळेच्या वेळेला कुठल्याही गेटपाशी उभं राहा, पुढे उभं केलेलं पोर, मागे बसलेलं पोर, मध्ये दप्तर, हेल्मेट फक्त बाबांना. तेही कॅमेरा आहे म्हणून.

मामीला मी विचारलं होतं, तुझं काय मत होतं गं तेव्हा. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी यांना म्हटलं होतं दोन आणू, तर म्हणाले डिकीत एकच मावतं." बस, एवढंच. म्हणजे तिने विचार केला होता, निर्णय पण केला होता, आणि तो डिकीच्या मापाने रद्द झाला. स्वातंत्र्यवाद्यांनी यावर काहीतरी बोलायला हवं.

खड्ड्यांचा मुद्दा मात्र मी मामाला देऊन टाकतो. तो पडला तो खडीवरच, आणि ती खडी ज्यांनी टाकली त्यांना कुणी पाचशेची पावती फाडली नाही. आधी खड्डे मग हेल्मेट हे तर्काला धरून नाही, रस्ता वाईट असेल तर उलट डोक्यावर जास्त हवं, पण माणूस तर्काने रागावत नाही. जो स्वतःचं काम करत नाही त्याने मला शिस्त लावू नये, हे घराघरात खरं असतं. कायदा बरोबर असूनही २०१९ला फसला तो इथे, असं माझं मत. पोलीस वळणावर लपून उभे राहिले, पाच-सहा जण घोळक्याने एकाच चौकात, टार्गेट पूर्ण करायला बसलेत असा चेहरा. त्याऐवजी माझ्या ऑफिसात काय झालं सांगतो, गेटवर वॉचमन हेल्मेट असल्याशिवाय गाडी पार्किंगला सोडत नाही, दंड नाही, वाद नाही, बाहेर लाव आणि चालत ये. दोन महिन्यांत सगळे घालायला लागले. मी पण. सवय बिनविचाराने लागली होती, तशीच बिनविचाराने बदलली.

आता सध्याची परिस्थिती. डॉक्टरांनी मामाला गाडी बंद केली आहे. ॲक्टिव्हा मामेबहीण चालवते, हेल्मेट घालून, पट्टा लावते की नाही ते मी बघितलेलं नाही. मामा बसने किंवा चालत जातो आणि बसबद्दल संपादकांना पत्रं लिहितो. त्याच्या नावावर जुनी तीन चलान राहिली होती, कॅमेऱ्याने काढलेली, एकात तर तो हसतोय असं वाटतं. तत्त्व म्हणून भरली नव्हती. मग लोकअदालतीची नोटीस आली, तिथे तडजोडीत रक्कम कमी होते असं त्याला कुणीतरी सांगितलं, तेव्हा तत्त्व जरा बाजूला ठेवून सकाळी साडेनऊला जाऊन रांगेत उभा राहिला, घरून डबा घेऊन. पावती घरी आणून त्याच बॉक्स फाईलला लावली.

परवा मला मेडिक्लेमच्या कामासाठी सिटीस्कॅनचा रिपोर्ट हवा होता, सगळं कपाट शोधलं, सापडेना. शेवटी मामीने ती 'हेल्मेटसक्ती २०१९'ची फाईल काढली, रिपोर्ट तिच्यात होता, पत्रकांच्या आणि चलानच्या पावतीच्या मध्ये, पंच करून व्यवस्थित लावलेला. मला वाटलं मामीनेच ठेवला असेल. ती म्हणाली नाही, मी कशाला त्या फाईलला हात लावते.